कॉ. डांगे : लोकनेत्याचा उदय, पक्षनेत्याचा अस्त

डिसेंबर १९२५ मध्ये कानपूर येथे भरलेल्या परिषदेत भारतीय कम्युनिस्ट पक्षाची स्थापना झाली, असे तो पक्ष मानतो. त्या हिशेबाने २०२५ मध्ये पक्षाला शंभर वर्षे पूर्ण झाली. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाला हा हिशेब मान्य नाही. तो पक्षाचा जन्म १९२० साली ताश्कंद येथे झाला असे म्हणतो. ज्या चळवळीच्या दोन शाखांचे आपल्या जन्मतिथीबद्दलही एकमत होत नाही, तिच्या शताब्दीचा उत्साह बेताचाच असावा यात आश्चर्य नाही. शिवाय साजरे करावे असे फारसे हाती राहिलेलेही नाही. एप्रिल २०२३ मध्ये निवडणूक आयोगाने भारतीय कम्युनिस्ट पक्षाचा राष्ट्रीय पक्ष हा दर्जा काढून घेतला. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत पक्षाचे दोन उमेदवार निवडून आले, तेही तामिळनाडूतून. महाराष्ट्र विधानसभेत त्याच वर्षी या पक्षाला एकही जागा मिळाली नाही. मार्क्सवाद्यांनी डहाणूची एक जागा तेवढी राखली.

ज्या मुंबईत या पक्षाच्या हाकेसरशी लाखभर कामगार गिरण्यांबाहेर पडत, तेथे हे का घडले? या प्रश्नाचे उत्तर शोधताना एका नावापाशी थांबावेच लागते. ते नाव कॉ. श्रीपाद अमृत डांगे यांचे. त्यांच्याविषयी आपल्याकडे दोन कथा सांगितल्या जातात. पहिल्या कथेत ते कामगारांचे अनभिषिक्त राजे आणि संयुक्त महाराष्ट्राचे शिल्पकार आहेत. दुसऱ्या कथेत ते ब्रिटिशांना पत्रे लिहिणारे, आणीबाणीचे समर्थन करणारे आणि अखेरीस स्वतःच्याच पक्षाने हाकलून दिलेले नेते आहेत. दोन्ही कथा अर्धवट आहेत. पहिलीतून त्यांचा अस्त कळत नाही आणि दुसरीतून उदय. एकाच माणसाच्या आयुष्यात हे दोन्ही का घडले, हा खरा विचारण्याजोगा प्रश्न आहे.

संप आणि तुरुंग

१८९९ साली नाशिक जिल्ह्यात जन्मलेले डांगे टिळकांच्या राजकारणाच्या प्रभावाखाली वाढले आणि असहकाराच्या लाटेत कॉलेज सोडून बाहेर पडले. १९२१ साली, वयाच्या बाविशीच्या सुमारास, त्यांनी ‘गांधी विरुद्ध लेनिन’ ही पुस्तिका इंग्रजीत लिहिली. तिच्यातील मार्क्सवाद कच्चा होता, हे पुढे त्यांचे अनुयायीही मान्य करीत. परंतु रशियातील क्रांतीची पुरती माहितीही ज्या काळी येथे पोहोचत नव्हती, त्या काळी एका मराठी तरुणाने हा प्रश्न मांडला हे विशेष. पिठाच्या गिरणीचे मालक रणछोडदास लोटवाला यांनी या तरुणाला ग्रंथ आणि पैसा पुरविला. १९२२ मध्ये डांगे यांनी ‘सोशॅलिस्ट’ हे इंग्रजी साप्ताहिक सुरू केले. सरकारचे लक्ष गेलेच. १९२४ च्या कानपूर कटाच्या खटल्यात त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली. म्हणजे कानपुरात पक्षाची स्थापना झाली तेव्हा त्याचा हा आद्य प्रवर्तक तुरुंगात होता.

सुटून आल्यावर वर्षभरातच १९२८ चा संप झाला. एका कामगाराने दोनऐवजी तीन माग सांभाळावेत, माणसे कमी करावीत, दर उतरवावेत, असा गिरणीमालकांचा बेत होता. एप्रिल ते ऑक्टोबर असे सहा महिने दीड लाखाच्या आसपास कामगार कामावर गेले नाहीत. या लढ्यातून गिरणी कामगार युनियन उभी राहिली. तिचे सरचिटणीस डांगे होते; पण तिचे अध्यक्ष अर्जुन आळवे हे प्रत्यक्ष गिरणीत घाम गाळणारे कामगार होते. वर्षअखेरीस युनियनची सभासदसंख्या पन्नास हजारांच्या वर गेली होती. या देशात त्यापूर्वी असे काही घडले नव्हते. सुशिक्षित पुढाऱ्याने कामगारांच्या वतीने अर्ज करावा आणि मालकाने कृपा करावी, हा तोवरचा रिवाज होता. गिरणी समिती, खात्याखात्यातील प्रतिनिधी, चाळीतील सभा अशी रचना ‘लाल बावट्या’ने प्रथम रुजविली.

या चित्रातील एक काळी बाजू मात्र नजरेआड करता येणार नाही. कापड गिरण्यांतील अधिक मजुरीच्या विणकाम खात्यात अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता, कारण धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगारांना त्यांचा विटाळ नको होता. हा अन्याय दूर करण्याची मागणी संपाच्या मागण्यांत यावी यासाठी डॉ. आंबेडकरांना आग्रह धरावा लागला. वर्ग या एका कल्पनेत जात आपोआप विरून जाईल, हा कम्युनिस्टांचा विश्वास होता. गिरणगावातील दलित वस्त्यांचा तो कधीच नव्हता. १९५२ च्या लोकसभा निवडणुकीत मुंबईत डॉ. आंबेडकरांचा पराभव झाला तेव्हा डांगे आणि त्यांच्या पक्षाच्या प्रचाराविरुद्ध डॉ. आंबेडकर व अशोक मेहता यांना निवडणूक अर्ज दाखल करावा लागला, इतके हे अंतर वाढले होते.

मार्च १९२९ मध्ये मीरत कटाच्या खटल्यासाठी धरपकड झाली. डांगे यांना प्रथम बारा वर्षांची शिक्षा झाली. अपिलात ती कमी झाली आणि १९३५ साली ते सुटले. १९४० मध्ये महागाई भत्त्यासाठी गिरणी कामगारांचा सार्वत्रिक संप झाला आणि डांगे पुन्हा तुरुंगात गेले. आज महागाई भत्त्याचा हप्ता जाहीर झाल्याची बातमी शिक्षक आणि कारकून उत्सुकतेने वाचतात. हा भत्ता सरकारच्या औदार्यातून जन्मलेला नाही. गिरणगावातील उपासमारीने त्याची किंमत मोजलेली आहे, याची आठवण ठेवावयास हरकत नाही.

संयुक्त महाराष्ट्राची किमया

१९४२ साली ‘लोकयुद्धा’ची भूमिका घेऊन पक्ष ‘चले जाव’ चळवळीच्या विरोधात उभा राहिला. सोव्हिएत संघाच्या गरजेसाठी स्वदेशातील उठाव नाकारणे महाराष्ट्राने सहजासहजी विसरले नाही. पुढे १९४८ मध्ये कॉ. रणदिवे यांच्या सशस्त्र क्रांतीच्या घोषणेने पक्षाची उरलीसुरली पुण्याईही संपत आली. अशा पक्षाला पुन्हा जनतेच्या मध्यभागी आणून बसविले ते संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याने, आणि त्याचे मोठे श्रेय डांगे यांच्या राजकीय दृष्टीला द्यावे लागते.

भाषिक राज्याची मागणी ही मध्यमवर्गीय भावना आहे, कामगाराला तिच्याशी काय कर्तव्य, असे म्हणणारे कम्युनिस्ट तेव्हाही होते. मुंबईतील भांडवल एका भाषिकाचे आणि श्रम दुसऱ्या भाषिकाचे आहेत, म्हणून मुंबईचा प्रश्न हा भाषेइतकाच वर्गाचा प्रश्न आहे, हे डांगे यांनी ओळखले. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनवर गोळीबार झाला, जानेवारी १९५६ मध्ये रक्त सांडले, आणि ६ फेब्रुवारीस पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. एस. एम. जोशी, आचार्य अत्रे, प्रबोधनकार ठाकरे, क्रांतिसिंह नाना पाटील आणि डांगे एका व्यासपीठावर आले. समाजवादी आणि कम्युनिस्ट यांचे हाडवैर होते. शेतकरी कामगार पक्ष आणि हिंदुत्ववादी यांचे पटण्यासारखे काही नव्हते. त्यांना एकत्र ठेवणे सोपे नव्हते. अमर शेख, अण्णाभाऊ साठे आणि गव्हाणकर यांच्या डफाने जे गावोगावी पोहोचविले, ते समितीच्या बैठकांत टिकवून धरण्याचे काम एस. एम. आणि डांगे यांनी केले. त्यात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनही सामील होते, ही गोष्ट १९५२ च्या पार्श्वभूमीवर लहान नव्हती.

१९५७ च्या निवडणुकीत मुंबईत आणि पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडाली. खुद्द यशवंतराव चव्हाण कराडमधून जेमतेम निवडून आले. डांगे मुंबईतून आणि नाना पाटील साताऱ्यातून लोकसभेवर गेले. त्यानंतर तीन वर्षांनी, १ मे १९६० रोजी, कामगार दिनीच महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. हा डांगे यांच्या कर्तृत्वाचा कळस म्हणावा लागेल. यानंतर त्यांना मानसन्मान पुष्कळ मिळाले. पण जनतेच्या इतक्या जवळ ते पुन्हा कधी गेले नाहीत.

कायद्याची कोंडी

येथे एका रूक्ष विषयाकडे वळणे आवश्यक आहे, कारण पुढाऱ्यांच्या चरित्रांत त्याला सहसा जागा मिळत नाही. तो म्हणजे १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा. या कायद्यानुसार एका भागातील एका उद्योगात ठराविक प्रमाणात सभासद असणारी एकच संघटना ‘प्रातिनिधिक’ ठरते आणि मालकांशी बोलणी करण्याचा अधिकार तिचाच असतो. मुंबईच्या कापड उद्योगात हा मान काँग्रेसप्रणीत राष्ट्रीय मिल मजदूर संघाला मिळाला आणि तो कायम त्याच्याकडेच राहिला. कामगार सभेला लाल बावट्याकडे जात, पण करार मिल मजदूर संघ करी. गुप्त मतदानाने संघटना निवडण्याची तरतूद कायद्यात नव्हती.

परिणाम असा झाला की, ज्या युनियनपाशी कामगारांचे प्रेम होते तिच्यापाशी अधिकार नव्हता. अशा संघटनेपुढे दोन मार्ग असतात. एक तर प्रत्येक वेळी संपाचे हत्यार उपसणे, किंवा सरकारदरबारी वजन निर्माण करून तेथून काही पदरात पाडून घेणे. वय आणि प्रतिष्ठा वाढत गेली तसा डांगे यांचा कल दुसऱ्या मार्गाकडे झुकत गेला. त्यांच्या पुढील राजकारणाला सोव्हिएत संघाचे धोरण आणि पक्षाचे सिद्धांत कारणीभूत होतेच. पण त्याचे एक मूळ गिरणगावातील या कोंडीत आहे, हे विसरून चालणार नाही.

पत्रे आणि फूट

जानेवारी १९६२ मध्ये सरचिटणीस अजय घोष यांचे निधन झाले. अध्यक्षपद नव्याने निर्माण करून डांगे यांना त्यावर बसविण्यात आले, आणि सरचिटणीसपद नंबुद्रिपाद यांच्याकडे गेले. दोन गटांतील ही तडजोड होती. चीनच्या आक्रमणाने ती सहा महिन्यांत मोडीत काढली. डांगे यांनी चीनचा निःसंदिग्ध निषेध केला आणि भारताच्या संरक्षणाची बाजू घेतली. या प्रश्नावर ते बरोबर होते, असेच म्हटले पाहिजे. पण त्याच वेळी डाव्या गटाचे शेकडो कार्यकर्ते सरकारने तुरुंगात टाकले, आणि त्यांच्या अनुपस्थितीत पक्षयंत्रणा डांगे गटाच्या हाती आली. तुरुंगातून सुटलेल्यांच्या मनात यातून जी कटुता राहिली, ती सिद्धांताच्या चर्चेने जाणारी नव्हती.

मार्च १९६४ मध्ये मुंबईच्या ‘करंट’ साप्ताहिकाने राष्ट्रीय अभिलेखागारातील काही पत्रे उजेडात आणली. १९२४ साली तुरुंगातून सुटकेच्या बदल्यात सहकार्य देऊ करणारी ही पत्रे डांगे यांची असल्याचा दावा होता. ती बनावट असल्याचे डांगे यांनी सांगितले. राष्ट्रीय समितीतील बहुमत त्यांच्या पाठीशी राहिले. चौकशीच्या काळात अध्यक्षांनी अध्यक्षस्थानी बसू नये ही विरोधकांची मागणी मात्र मान्य झाली नाही. ११ एप्रिल १९६४ रोजी बत्तीस सदस्य बैठकीतून निघून गेले आणि वर्षअखेरीस मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष निराळा झाला.

पत्रे खरी की खोटी हा वाद अद्याप रंगतो. राजकीयदृष्ट्या तो दुय्यम आहे. पत्रांमुळे पक्ष फुटला नाही. फुटावयास निघालेल्या पक्षाला पत्रांचे निमित्त मिळाले. खरा वाद काँग्रेसशी कसे वागावे हा होता. ‘राष्ट्रीय भांडवलदार’ वर्ग साम्राज्यशाहीविरोधी आहे, नेहरूंच्या काँग्रेसमध्ये पुरोगामी शक्ती आहेत, तेव्हा त्यांच्याशी हातमिळवणी करून राष्ट्रीय लोकशाही आघाडी उभारावी, हा डांगे यांचा विचार होता. मॉस्कोलाही तो सोयीचा होता, हे सांगणे नकोच.

सत्तेची सावली

१९६९ मध्ये काँग्रेस फुटली, बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, आणि डांगे यांच्या सिद्धांताला जणू काळानेच दुजोरा दिला. केरळात अच्युत मेनन यांच्या नेतृत्वाखाली काँग्रेसच्या सहकार्याने सरकार चालले. दिल्लीच्या धोरणांवर आपला ठसा उमटतो आहे, असे पक्षाला वाटू लागले. पण सहकार्य आणि आश्रय यांतील सीमारेषा फार बारीक असते. मित्रपक्षाने प्रसंगी ‘नाही’ म्हणण्याची ताकद राखली तरच ते सहकार्य. एरवी तो आश्रय. जून १९७५ मध्ये आणीबाणी आली तेव्हा ही ताकद उरली नसल्याचे दिसून आले. फॅसिस्ट प्रतिक्रियावादाविरुद्धचे पाऊल म्हणून पक्षाने तिचे समर्थन केले. संपांवर बंदी आली, बोनसला कात्री लागली, आणि कामगारांचा पक्ष म्हणविणारा पक्ष सरकारच्या बाजूला उभा होता.

मतदारांनी हिशेब चुकता केला. १९७१ मध्ये लोकसभेत २३ जागा असलेल्या पक्षाला १९७७ मध्ये ७ मिळाल्या. आणीबाणीला विरोध करणाऱ्या मार्क्सवाद्यांना २२. १९७८ च्या भटिंडा अधिवेशनात पक्षाने आणीबाणीचे समर्थन ही चूक होती असे मान्य केले आणि डाव्या ऐक्याचा मार्ग धरला. डांगे यांना हे मान्य नव्हते. इंदिरा गांधींच्या काँग्रेसशी सहकार्य केलेच पाहिजे, हा आग्रह त्यांनी सोडला नाही. १९८० मध्ये त्यांच्या कन्या रोझा देशपांडे यांनी निराळा पक्ष काढला, आणि १९८१ मध्ये ज्या पक्षाच्या पायाभरणीत त्यांचा हात होता, त्याच पक्षाने त्यांची हकालपट्टी केली.

या हकालपट्टीत एक कठोर न्याय आहे. बहुमताचा निर्णय अल्पमताने निमूट स्वीकारावा, या शिस्तीचा आधार १९६४ मध्ये डांगे गटाने घेतला होता. सतरा वर्षांनी तीच शिस्त त्यांच्यावर चालली. मतभेद बाळगूनही पक्षात राहता येईल अशी सन्मानाची जागा या पक्षपद्धतीत नव्हती. ती निर्माण करावी असे सत्ता हाती असताना डांगे यांनाही वाटले नव्हते.

पोकळी कोणी भरली

नेते दिल्लीत आणि मॉस्कोत सिद्धांतांचा कीस काढीत असताना गिरणगाव बदलत होते. गिरणी कामगाराचा मुलगा मॅट्रिक झाला होता. त्याला साच्यावर उभे राहावयाचे नव्हते. त्याला कचेरीत नोकरी हवी होती आणि ती मिळत नव्हती. संयुक्त महाराष्ट्राने मराठी माणसाला राज्य दिले, पण मुंबईतील रोजगार दिला नाही, ही त्याची भावना होती. या तरुणाशी बोलण्याची भाषा कम्युनिस्टांपाशी १९५६ मध्ये होती. १९६६ मध्ये नव्हती. ती शिवसेनेने उचलली. डिसेंबर १९६७ मध्ये परळच्या दळवी बिल्डिंगमधील कम्युनिस्ट कचेरीवर हल्ला झाला. जून १९७० मध्ये आमदार कृष्णा देसाई यांची हत्या झाली, आणि त्यांच्या जागेवर झालेल्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नीचा पराभव करून वामनराव महाडिक हे शिवसेनेचे पहिले आमदार झाले. लाल बावट्याचा बालेकिल्ला हिंसेने खिळखिळा करण्यात आला, हे खरे. सरकारने त्याकडे काणाडोळा केला, हेही नाकारता येणार नाही. पण केवळ हल्ल्यांनी बालेकिल्ले पडत नाहीत. आतील पहारा ढिला झालेला असावा लागतो.

गिरणगावाने लगेच पाठ फिरविली असेही नाही. १९७४ च्या मध्य मुंबईतील पोटनिवडणुकीत रोझा देशपांडे निवडून आल्या. निष्ठा शिल्लक होती, तिला दिशा राहिली नव्हती. म्हणूनच जानेवारी १९८२ मध्ये सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले तेव्हा ते डॉ. दत्ता सामंतांच्या मागे गेले. त्या संपापुढेही १९४६ चाच कायदा आडवा आला. डांगे तेव्हा ब्याऐंशी वर्षांचे होते, पक्षाबाहेर होते, आणि त्यांनी ज्या कामगारवर्गाला पहिल्यांदा संघटित केले त्याचा अंत दुरून पाहत होते.

जमेची आणि खर्चाची बाजू

डांगे यांची विद्वत्ता आणि वक्तृत्व वादातीत होते. येरवड्याच्या तुरुंगात लिहिलेला त्यांचा प्राचीन भारतावरील ग्रंथ १९४९ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाला. दामोदर धर्मानंद कोसंबींनी त्याची कठोर चिकित्सा केली. पण आपल्या परंपरेकडे मार्क्सच्या दृष्टीने पाहण्याची हिंमत त्यात होती. हीच ओढ उतारवयात त्यांना जावई बानी देशपांडे यांच्या वेदान्तावरील पुस्तकाला प्रस्तावना लिहिण्यापर्यंत घेऊन गेली आणि पक्षात आणखी एक वादळ उठले. १९८४ साली ते शिवसेनेच्या अधिवेशनाच्या व्यासपीठावर गेले, तेव्हा तर जुन्या कार्यकर्त्यांना काय वाटले असेल याची कल्पना करता येते.

२२ मे १९९१ रोजी त्यांचे निधन झाले. आदल्याच रात्री राजीव गांधींची हत्या झाली होती. त्या हाहाकारात ही बातमी बुडून गेली. त्याच वर्षाच्या अखेरीस सोव्हिएत संघही विसर्जित झाला. २००४ मध्ये संसदेच्या आवारात डांगे यांचा पुतळा उभा राहिला. देशाने त्यांना मान दिला. ज्या चाळींनी त्यांना मोठे केले त्या चाळींच्या जागी त्याच सुमारास मनोरे उठू लागले होते.

या चरित्राचा बोध एका पक्षापुरता मर्यादित नाही. डांगे यांचे राजकारण यशस्वी झाले ते दोन वेळा, १९२८ मध्ये आणि १९५६-५७ मध्ये. दोन्ही वेळा ते सत्तेच्या विरोधात होते आणि त्यांच्यामागे लोकांची संघटना होती. एस. एम. आणि अत्रे यांच्याशी त्यांनी केलेली आघाडी बरोबरीच्या नात्याची होती. इंदिरा गांधींच्या काँग्रेसशी केलेली आघाडी तशी नव्हती. आघाडी करणे ही चूक नव्हे. स्वतःचे बळ खर्ची घालून केलेली आघाडी ही चूक असते. आजही देशातील लहान पक्ष मोठ्या पक्षांच्या छत्राखाली जातात, मंत्रिपदे मिळवितात, आणि पाच-दहा वर्षांनी आपला कार्यकर्ता कोठे गेला म्हणून शोध घेऊ लागतात. त्यांनी हा इतिहास वाचावा.

आणि नोकरदार वर्गानेही वाचावा. आज कंत्राटी शिक्षक, रोजंदारीवरील कारकून आणि दारोदारी माल पोहोचविणारे तरुण जवळजवळ त्याच अवस्थेत आहेत, ज्या अवस्थेत १९२८ पूर्वीचा गिरणी कामगार होता. त्यांची संख्या मोठी आहे आणि संघटना नाही. त्यांना नेता मिळेल तेव्हा मिळेल. १९२८ मध्येही नेत्याआधी खात्याखात्यातील समित्या कामाला लागल्या होत्या आणि युनियनचा अध्यक्ष साच्यावरचा माणूस होता. डांगे मोठे झाले ते त्या समित्यांच्या खांद्यावर, आणि त्या खांद्यांवरून ते उतरले तेव्हाच त्यांचा अस्त सुरू झाला.